मीठ ठेवायला उंबरठा

यंदा चैत्रात माझ्या स्वयंपाकघरात ऊन आलं.

नागपूरच्या बाईने उन्हाचं कौतुक सांगावं म्हणजे हिचं डोकं फिरलं, असंच कोणालाही वाटेल. ऊन घरात शिरू नये म्हणून आम्ही इथे काय काय करतो! खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, दारांवर ओल्या चादरी, आणि कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी कोणाची यावरून घरोघरी कटकटी. पण हे ऊन वेगळं होतं. ज्या दारातून ते आलं, त्या दारातून कित्येक वर्षांत काही आलंच नव्हतं. आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे एक दार आहे. ते उघडलं की समोर शेजाऱ्यांची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहा पिता पिता विचारतोच, "हे दार कशाला हो?" मी म्हणते, "आईची हौस." कोणाकोणाला सगळं सांगत बसायचं?

शेजारचे आजोबा गेले, पाठोपाठ आजीही गेल्या. मुलं बाहेरगावी. त्यांनी घर बिल्डरला दिलं आणि होळी झाल्यावर माणसं घण घेऊन आली. आठवडाभर घरात धूळच धूळ. मी खूप चडफडले, डबे पुसून पुसून हात दुखले. आणि मग एका सकाळी भिंत नव्हती. पूर्वेच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती आणि ओट्याजवळच्या फरशीवर पडली होती. आई होती तोवर दर पाडव्याला त्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायची. ती गेल्यावर मी काही कधी घातलं नाही. कडी गंजून बसलेली. बत्त्याने ठोकून ठोकून काढली, दार ओढलं, आणि समोर एकदम मोकळी जमीन. काळी माती, विटांचे तुकडे, वर पांढरं आभाळ.

मी तिथेच उभी राहिले. मला मातीचा वास आला नाही, विटांचा आला नाही. मला गव्हाच्या चिकाचा वास आला.

चीक म्हणजे कुरडयांचा चीक. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, त्याचं पांढरं दूध शिजवायचं. शिजत आला की भांड्यात बुडबुडे फुटतात आणि एक आंबूस, गोडसर वास सुटतो. त्या वासावर आम्ही पोरं वाट्या घेऊन धावायचो. वर साखर, तुपाची धार. जगात त्याच्यावर चढ असं खाणं मला अजून सापडलेलं नाही. पण माझ्या आठवणीतला चीक घरात शिजत नसे, अंगणातही नाही. तो शिजायचा प्लॉटवर. ज्या जमिनीवर अजून घर नाही, भिंत नाही, नळ नाही, अशा उघड्याबोडक्या प्लॉटवर, तीन दगडांच्या चुलीवर. आणि त्या चुलीपुढे वत्सलाकाकू बसलेली असायची, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, मोठा कालथा दोन्ही हातांनी फिरवत.

आम्ही तेव्हा इतवारीत भाड्याने राहायचो. एका अंगणाच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं. इकडे आम्ही, तिकडे मधुकाका आणि वत्सलाकाकू. बाबा आणि मधुकाका दोघेही गांधीबागेत एकाच कापडाच्या दुकानात कामाला होते, सायकली सोबत काढायचे आणि सोबत लावायचे. दोन्ही स्वयंपाकघरांची दारं समोरासमोर, मध्ये अंगण. आई आणि काकू दिवसभर आपापल्या चुलीपाशी बसून एकमेकींशी बोलत राहायच्या. मान वर करायचीही गरज नव्हती. "वत्सले, आज काय टाकलं वं?" "वांगे." "मंग मी वरणच लावते, वांगे इकडेच पाठव थोडे." असा दोन घरांचा एक स्वयंपाक व्हायचा. काकूला मूलबाळ नव्हतं. मला तिच्याच हाताचा घास गोड लागायचा आणि आईला त्याचा कधी राग आला नाही.

मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला जागा हवी झाली. बाबा आणि मधुकाका महिनाभर चिंतेत. त्याच सुमाराला गावाबाहेर शेतं मोडून ले-आउट पडायला लागले होते. आमच्या बाबांच्या भाषेत सांगायचं तर थानातून कापड फाडावं तशी शेतं टराटरा फाडत होते. चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांवर रोवलेले दगड, आणि बाभळीला टांगलेली एक पाटी. दोघांनी मिळून लागून लागून दोन प्लॉट घेतले. बायकांनी एकच अट घातली होती, मध्ये भिंत नाही. इतवारीतलं अंगण त्यांना जसंच्या तसं उचलून तिकडे न्यायचं होतं.

घर बांधायला हात मोकळा नव्हता, मालकाकडून हातापाया पडून मुदत वाढवून घेतली होती, पण प्लॉट तर आपला झाला होता! आणि प्लॉटवर काय असतं? ऊन. इतवारीत वाळवण घालायचं म्हणजे कौलांवर चढा, कावळे हाकला, मालकिणीची बोलणी खा. काकू म्हणाली, "बाप्पा, आपलं एवढं मोठं अंगण पडून राहिलं तिकडे, अन् आपण इथं कौलावर मरून राहिलो!" झालं. त्या उन्हाळ्यात दोघींनी पातेली, सोऱ्या, भिजवलेले गहू, जुनी धोतरं, दोन खाटा, सगळं रिक्षात घातलं आणि भल्या सकाळी प्लॉट गाठला. शेतातली जुनी विहीर अजून बुजवली नव्हती. पाणी तिथलं, जळण बाभळीचं. खाटांवर धोतरं पसरली आणि त्यावर कुरडयांची पांढरी गोल गोल जाळी पडत गेली.

त्याच दिवशी चीक शिजायच्या आधी काकूने कमरेची पिशवी सोडली आणि रांगोळी काढली. मला वाटलं, चुलीची पूजा असेल. तर ही बाई मातीवर चक्क घर काढायला बसली. काकूचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. तिची रेघ म्हणजे ताणलेला धागा, कुठे हलायची नाही. "हे माहं स्वयंपाकघर. ही चूल. इथं मोरी. इथं पाण्याचे गुंड. अन् हे दार." मग आईलाही हुक्की आली. तिने पलीकडे आपलं काढलं, दाराला दार लावून. दोघी पस्तिशीच्या बाया, पदर खोचून, भातुकली मांडून बसल्या! दोघी आपापल्या रांगोळीच्या चौकोनात मांडी घालून बसल्या आणि काकूने हाक मारली.

"अवं कमल! मीठ हाय का वं? माहं सरलं."

"हाय ना. ये, घेऊन जाय."

काकू उठली, तिच्या दारातून बाहेर आली, आईच्या दारात उभी राहिली. रेघेवर पाय पडू नये म्हणून लुगडं जरा वर धरलं. आईने हवेतल्या बरणीचं हवेतलं झाकण काढलं, मूठ भरली आणि काकूच्या तळहातावर रिकामी केली. काकूने मूठ बंद केली.

बाबा बाभळीखाली बसून हे पाहत होते. ते ओरडले, "हातावर देल्लं का मीठ? आता भांडान दोघी!"

आमच्याकडे मीठ हातावर देत नाहीत. वाटीत घालून खाली ठेवायचं, समोरच्याने उचलून न्यायचं. हातावर दिलं की भांडण होतं म्हणतात. आईने जीभ चावली. काकू खो खो हसत सुटली. "हवेचं मीठ, भाऊजी. हवेचंच भांडण होईन!" आणि ती बंद मूठ तशीच धरून आपल्या घरात गेली, चुलीपाशी बसली, आणि ते मीठ तिने चिकात टाकल्यासारखं केलं. मला तिचा तो चेहरा अजून दिसतो. इतकं सुखी माणूस मी नंतर फार कमी पाहिलं.

तीनचार उन्हाळे असे गेले. रविवार आला की आम्ही प्लॉटवर. कुरडया, मुगवड्या, साबुदाण्याच्या पापड्या. रांगोळी पावसात धुऊन जायची, पुढच्या वर्षी काकू पुन्हा काढायची, दरवेळी तीच मापं. चुलीचे तीन दगड मात्र ती जागचे हलू द्यायची नाही. "ते राहू दे. ते घर हाय माहं."

आणि इकडे गावाला प्लॉटचं वेड लागलं. काय सांगू तुम्हाला! गांधीबागेत गिऱ्हाईक लुगड्याचा पोत पाहता पाहता विचारायचं, तिकडे रेट काय चालू आहे? लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून होईस्तोवर दोन सौदे व्हायचे. माझी आजी धंतोलीतल्या एका दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तर बाहेर बाकावर बसलेली तीन अनोळखी माणसं आमच्या बाबांना सांगत होती, वर्धा रोडकडे घ्या, तिकडे उठाव आहे. ज्याच्याकडे प्लॉट होता तो एकदम हुशार ठरला आणि ज्याच्याकडे नव्हता तो मूर्ख. जमीन घर बांधायला असते ही गोष्टच लोक विसरत चालले होते.

आमच्या ले-आउटवर गुलाबराव नावाचा दलाल यायचा, लॅम्ब्रेटा स्कूटरवर. मागे गिऱ्हाईक, कधी त्या गिऱ्हाईकाची बायकोही अंग चोरून बसलेली. सगळीकडे नुसते दगड आणि बाभळी, गिऱ्हाईकाला भीती वाटायची. मग तो त्यांना घेऊन सरळ आमच्याकडे यायचा. "पाहा साहेब. बस्ती होऊन राहिली. बाया कुरडया वाळवून राहिल्या, पोरं खेळून राहिले. अजून काय पाह्यजे?" काकूला याचं फार अप्रूप. ती त्या लोकांना पाणी द्यायची, वाटीत चीक घालून द्यायची, आपलं रांगोळीचं घर दाखवायची. आता विचार केला की माझ्या काळजात चर्र होतं. त्या दोन बायकांच्या भातुकलीवर त्या ले-आउटचे भाव चढले. दुसऱ्यांना वाटलं, इथे माणसं राहतात. आणि राहत तर अजून कोणीच नव्हतं!

एकदा असंच एक जोडपं आलं. साहेब सरकारी खात्यातले, मोजकं बोलणारे. त्यांची बायको मात्र चुलीपाशी बसली, चिकाची वाटी संपवली आणि म्हणाली, "किती छान जागा आहे हो तुमच्या स्वयंपाकघराची. सकाळचं ऊन अगदी ओट्यावर येईल." काकू इतकी खूश झाली की निघताना त्या बाईच्या डब्यात तिने कुरडया भरून दिल्या.

आमचं घर आधी झालं. बाबांनी दुकानातून उचल घेतली, आईने पाटल्या मोडल्या, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं उभं राहिलं. पूर्वेचं दार पाहून मिस्त्री म्हणाला, "बाई, या बाजूले दार काहून? इकडे तर दुसऱ्याचा प्लॉट हाय."

"दुसऱ्याचा नाही. वत्सलेचा हाय," आई म्हणाली.

उंबरठा तिने सागाचा करून घेतला आणि चांगला रुंद. सुताराने विचारलं एवढा रुंद कशाला, तर म्हणाली, "मिठाची वाटी ठेवता आली पाह्यजे. आता खरं मीठ देणार हाय मी, हवेचं नाही." वास्तुशांतीच्या दिवशी काकू त्या दारातून आत आली. म्हणजे समोरच्या बाजूने सगळे पाहुणे आले, आणि ही बाई मुद्दाम मागून, आपल्या प्लॉटवरून फिरून, पूर्वेच्या दारातून. तिच्या हातात नारळ होता. "मी शेजारीण हाय ना. मी समोरून काहून येऊ?"

पुढच्या वर्षी काकांचं घर सुरू व्हायचं होतं. विटांचं बोलणंही झालं होतं.

माघ संपत आला होता. दुपारची वेळ, आई भाजी निवडत बसलेली. मधुकाका पेढ्यांचा पुडा घेऊन आले, समोरच्या दाराने. चेहरा नुसता फुललेला. काकू मागे, पायरीवरच थांबली.

"वहिनी, तोंड गोड करा. प्लॉट गेला आपला! सोन्याच्या भावात गेला."

आईला कळेचना. "गेला म्हंजे?"

"विकला ना! त्या साहेबाले. ते नाही का, बायको घेऊन आले होते, चीक खाऊन गेले. तिच्या मनातून जागा जातच नव्हती म्हणे. तिले तोच पाह्यजे, दुसरा नाही. गुलाबरावनं आणला सौदा. आता त्या पैशात तिकडे पुढं दोन घेऊन राहिलो. एकाचे दोन, वहिनी!"

"आन घर?"

"बांधू ना. घर का पळून जाते?" मग ते जरा हळू, समजावल्यासारखं बोलले, "आन खरं सांगू का, आमच्यामागं राहणारं कोण हाय? लेकरू ना बाळ. घर बांधून कोणासाठी ठेवायचं?"

काकू पायरीवर होती. तिने ऐकलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली. मी लहान होते, पण एवढं मला कळलं की हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलेलं नाही.

आईने पेढा घेतला नाही. ती काकूकडे पाहून म्हणाली, "तुले माहीत होतं?"

"सही झाल्यावर सांगितलं," काकू म्हणाली. "आधी इचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून इचारलंच नाही."

एवढंच. रडारड नाही, आदळआपट नाही. ती आत आली, स्वयंपाकघरात गेली, पूर्वेचं दार उघडलं. समोर तिचे तीन दगड होते. मागच्या उन्हाळ्याची राख पाऊस खाऊनही थोडी उरली होती. तिने दार पुन्हा लावून घेतलं, अगदी हळू, आत कोणी झोपलं असावं तसं. आणि समोरच्या दाराने निघून गेली.

मधुकाकांचा मला राग येतो. आजही येतो, उगाच मोठेपणा कशाला आणू? पण ते वाईट नव्हते. लोकांच्या लग्नाचे शालू घडी करता करता ज्याचा जन्म गेला, त्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं जे नुसतं ठेवलं तरी वाढत होतं. त्या दिवसांत त्यांनी विकलं नसतं तर बाजारात लोक त्यांना हसले असते. आमच्या बाबांनाही हसलेच. "घर बांधून बसले, आता विकता येते का?" असं त्यांना तोंडावर म्हणणारे होते. बाबाही एकदोन रात्री तळमळले. आईने स्पष्ट सांगितलं, या घराचा भाव विचारायला कोणी आलं तर मी चुलीतलं लाकूड घेऊन उभी राहीन. आमचं घर राहिलं ते त्या लाकडाच्या भीतीने.

पावसाळ्याआधीच शेजारी त्या साहेबांची भिंत उभी राहिली, सुरुवातीला सांगितलेले आजोबा-आजी ते हेच. माणसं चांगली होती, खरंच चांगली. त्या बाईंनी दार पाहिलं तेव्हा ओशाळून म्हणाल्या, "आमच्या नकाशात स्वयंपाकघर पलीकडे आहे हो, इकडे कंपाउंड घालावंच लागेल." आई म्हणाली, "घाला ना. तुमची जागा हाय." गवंड्याने चुलीचे दगड उचलले आणि भिंतीच्या पायात घातले. बाबांनी दोनदा म्हटलं, दार चिणून टाकू, जागाही होईल, मांडणी लावता येईल. आई मात्र दर पाडव्याला तेल घालत राहिली.

आणि तिने काकूकडे जाणं सोडलं. भांडण झालं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी काही भांडली नाही तिच्याशी. भांडली असती तर बरं झालं असतं, मन तरी मोकळं झालं असतं." तिला काकूचा राग नव्हता आला हो. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आपलं घर झालं, तिचं नाही झालं, याची लाज. आणि काकूला वाटत होतं, नवऱ्याने शब्द मोडला, आता कोणत्या तोंडाने जाऊ. दोघी एकाच गावात दोन टोकांना बसून राहिल्या. एकदा कुरडयांच्या दिवसांत आई चीक ढवळता ढवळता मला म्हणाली, "त्या दिवशी हातावर मीठ देल्लं ना मी. त्याचंच झालं हे." मी म्हटलं, "आई, ते काही खरं मीठ नव्हतं." ती म्हणाली, "हात तर खरे होते."

मधुकाका पुढे पुढे सरकत गेले. ते दोन विकून त्याहून लांब तीन घेतले, तिथून आणखी लांब. गाव जसं पसरत गेलं तसे ते कडेकडेने. नकाशात त्यांचं नेहमी काहीतरी असायचं आणि राहायला मात्र भाड्याची खोली. शेवटी एका ठिकाणी असं निघालं की तोच प्लॉट आधी दुसऱ्याच कोणाला विकलेला आहे. सगळं त्यात अडकलं होतं. त्यानंतर काका कोर्टाच्या पायऱ्यांवर दिसायचे, बगलेत पिशवी, चपलेला दोरी बांधलेली. काकू दुसऱ्यांच्या घरी वाळवणं करून द्यायला जाऊ लागली. तिच्या कुरडयांना गावभर मागणी होती. वाळत घालायच्या मात्र लोकांच्या गच्चीवर.

मी कॉलेजात असतानाचा एक उन्हाळा. टळटळीत दुपार, आणि दारात काकू. वाळलेली, केस पांढरे, हातात कुरडयांचा डबा. आई पाहतच राहिली. मग दोघी एकदम बोलू लागल्या, आणि एकदम थांबल्या. आईने तिला पाणी दिलं. काकू घोट घेत घेत स्वयंपाकघरात गेली आणि विचारलं, "उघडू का वं?"

तिने पूर्वेचं दार उघडलं. समोर भिंत, उन्हाने तापलेली. काकूने हात पुढे करून तळवा भिंतीवर ठेवला. चटका बसला असणार, पण तिने काढला नाही.

"इथंच होती ना वं माही चूल?"

"हाव. इथंच."

"मंग मोरी त्या बाजूले."

"हाव, मोरी त्या बाजूले. गुंड इकडे."

"मले वाटे, मी इसरली असंन." ती हसली. "नाही इसरली."

मग आई रडली. इतक्या वर्षांचं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. काकूच तिची पाठ थोपटत बसली. त्यानंतर ती अधूनमधून यायची, नेहमी समोरच्या दाराने. दोघी ते दार उघडून भिंतीकडे तोंड करून बसायच्या, भाजी निवडायच्या. आम्ही पोरं हसायचो. आम्हाला काय कळत होतं, कपाळ!

काकू गेली धंतोलीत, एका साध्या दवाखान्यात, ऐन वैशाखात. आई शेवटपर्यंत उशाशी होती. काकूचं बोलणं तेव्हा तुटक झालं होतं, पण एकदा डोळे उघडून तिने स्वच्छ विचारलं, "कमल, तुह्या घरी आली का मी कधी मीठ मागाले?" आई म्हणाली, "येशीन ना. बरी झाली की येशीन." काकूने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते आईला कधीच ठरवता आलं नाही. आई मरेपर्यंत मला विचारायची, "तुले काय वाटते, हो म्हटलं असंन का तिनं?" मी दरवेळी हो म्हणायचे. आता आईलाही जाऊन वर्षं झाली.

तर, यंदाचं हे ऊन. शेजारी आता अनेक मजल्यांची इमारत उठणार आहे. मोठ्या फलकावर तिचं रंगीत चित्र लागलंय, त्यात झाडं आहेत, गाड्या आहेत, हसणारी माणसं आहेत. फ्लॅटचे भाव विचारायला लोक येतात, दुपारच्या उन्हातही येतात, आणि जाता जाता मलाही विचारतात, ताई, तुमचं कधी देताय? मी आईचं लाकूड आठवते आणि हातातलं काम करत राहते.

कामावर छत्तीसगढकडची काही कुटुंबं आलीत. त्यातल्या एकीने आपली चूल माझ्या दारासमोर मांडली. माझ्या घराची दुपारनंतर सावली पडते आणि वारा अडतो म्हणून, दुसरं काही नाही. तीन विटा, त्यावर काळं पातेलं. मी सकाळी दार उघडते तर ती समोर बसलेली, डोक्यावर ओलं फडकं. पहिल्या दिवशी मला बघवेना, मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी उघडं ठेवलं.

परवा मी ओट्यापाशी कणीक मळत होते. मागून हाक आली.

"दीदी, थोडा नमक है क्या? मेरा खतम हो गया."

माझे हात कणकेत तसेच राहिले. मग धुतले, बरणी काढली, वाटी भरली. ती दाराशी आली होती, तळहात पसरून.

"हाथ पे नहीं देते," मी म्हटलं.

"हाँ दीदी, हमारे उधर भी नहीं देते. भूल गई." तिने लाजून हात मागे घेतला.

मी वाकले आणि वाटी उंबरठ्यावर ठेवली. सागाचा उंबरठा, चांगला रुंद. वाटी कशी ऐसपैस बसली. तिने उचलली, चुलीकडे गेली, पातेल्यात मीठ टाकलं आणि रिकामी वाटी आणून परत तिथेच ठेवली. जाताना म्हणाली, "अच्छा दरवाजा है दीदी, एकदम रसोई के सामने."

पाऊस लागायच्या आत पहिला स्लॅब पडेल, ही माणसं दुसरीकडे जातील आणि इथे पुन्हा भिंत येईल. येऊ दे. मी त्या रिकाम्या वाटीशेजारी उंबरठ्यावर बसले, ऊन डोक्यावर घेऊन, आणि इतक्या वर्षांत रडले नाही तेवढी रडले. समोरची बाई चूल सोडून धावत आली, क्या हुआ दीदी, क्या हुआ, म्हणत राहिली. तिला काय सांगू? मी तिच्या खांद्यावरून पलीकडे, त्या काळ्या मातीकडे पाहत मोठ्याने म्हटलं, "काकू, मीठ हाय वं आमच्याकडे. भरपूर हाय. तू मागाले आलीच नाही."